बारवेत पोकलेन घालायचं म्हणतायत. काय करू?

मोटारवाला खटावकर

नमस्कार मंडळी. खटाव तालुक्यात येरळेच्या अंगाला आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. निम्मा गाव हे वाचतो आणि सकाळी सकाळी दुकानापुढं वाद नको. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सव्वीस वर्षं लोकांच्या विहिरींतनं जळालेल्या मोटारी वर काढतोय, त्यामुळं आसपासच्या बहुतेक विहिरींच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक आहे. पण ज्या विहिरीबद्दल विचारतोय तिच्यात मोटार कधी बसलीच नाही.

गावठाणाच्या खालच्या बाजूला आमची दगडी बारव आहे. वरनं चौकोनी, वीस बाय वीस फूट, आणि उगवतीकडनं पायऱ्यांची वाट. उघड्या पायऱ्या ३४ भरल्या, पुढच्या गाळात आहेत. लहानपणी आम्ही वरच्या कट्ट्यावरनं उड्या टाकायचो. मग नळ आले, बोअर आल्या आणि बारवेचा उकिरडा झाला. निर्माल्य, फाटकी अंथरुणं, बाटल्या, एका साली मेलेलं कुत्रं. पाणी आहे, पण हिरवं. उन्हाळ्यातसुद्धा तेरा-चौदा फूट असतं, त्याच्या खाली गाळ किती ते देव जाणे.

पंधरवड्यामागं ग्रामसभेत विषय आला, ‘बारवेचे सुशोभीकरण’. ऐकून बरं वाटलं. मग अंदाजपत्रक हातात घेतलं. पाणी उपसणे, पोकलेनने गाळ काढणे, आतून सिमेंटचा गिलावा, वर लोखंडी जाळी, भोवतीनं पेव्हिंग ब्लॉक, दोन बाकडी आणि कमानीला ऑइल पेंट. ठेकेदार म्हणतो, चार दिवसांचं काम आहे, पावसाच्या आत उरकून देतो. मी म्हटलं जरा थांबा, तर सगळे माझ्याकडं असं बघायला लागले की मीच बारव बुजवायला निघालोय.

त्या रात्री झोप येईना म्हणून बॅटरी घेऊन खाली उतरलो. दोन गोष्टी बघितल्या त्या सांगतो.

पहिली. पाणी शेंदायचा कट्टा दक्षिणेला आहे. त्याच्या काठाच्या दगडावर दोराच्या खाचा पडल्यात. पंचवीस-तीस वेळा तरी मी तिथं बसलो असेन, कधी मोजल्या नव्हत्या. २३ आहेत. काही नखाएवढ्या, काहींत माझं आख्खं बोट बसतं, आणि आतनं काचेसारख्या गुळगुळीत. काळा पाषाण आहे तो. त्यावर ताग-अंबाडीचा दोर किती वर्षं घासला असेल तेव्हा बोटभर झिजला! सकाळी आईला विचारलं. ती ७८ वर्षांची, गुडघे गेलेत, तरी काठी टेकत आली आणि वाकून हातानं चाचपत म्हणाली, “ही आमची. कोनाड्यापासनं तिसरी. हितनं दोर सोडला की सरळ जायचा, बाकीच्यांचा भितीला घासायचा.” लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला ती खाच दाखवून दिली होती म्हणे.

दुसरी. उत्तरेच्या भिंतीत, चौदाव्या पायरीच्या पातळीला, दोन दगडांमधी दोन बोटांची फट आहे. बाकीच्या भिंतीत सांध्यात पोस्टकार्ड जात नाही, आणि इथंच फट. मला वाटलं दगड सरकला असणार. हात घातला तर आत गार आणि ओलं. एप्रिल महिना, दिवसा बाहेर चाळीसच्या वर, आणि माझ्या मनगटावरनं पाणी ओघळत होतं. ती फट कुणीतरी ठेवलेली आहे. आणि उद्या तिच्यावर सिमेंटचा गिलावा बसणार.

तेव्हा जाणकारांनी सांगा. पोकलेन घालावं का? गिलाव्याला काय पर्याय? आणि कमानीच्या बाजूला एक शिळा आहे, तिच्यावर ‘श्री’ दिसतं, खाली ‘सके १६’, मग एक अंक उडालेला, मग ‘८’, पुढं ‘दुर्मुख नाम संवत्सरे’. त्याच्या खालचं कुणीतरी टाचणीच्या टोकानं आपलं आणि आपल्या मैत्रिणीचं नाव कोरून घालवलंय. बारव कधीची असेल?

टेंभूच्या पाण्यावर

राव, एक सरळ विचारतो, राग मानू नका. आमच्या खानापूर तालुक्यात टेंभूचं पाणी आलं. कृष्णेचं पाणी कऱ्हाडाजवळनं उचलून टप्प्याटप्प्यानं डोंगरावर चढवून आणलं, तेव्हा कुठं आम्ही ऊस आणि द्राक्षं बघितली. तुमच्याकडंबी जिहे-कठापूर योजनेचं पाणी येतंय. मग एका विहिरीसाठी एवढा जीव का काढताय? गिलावा केला तर पोरं पडायची तरी थांबतील. दगडाचं प्रेम बरंय, पण बायकांनी पुन्हा दोर ओढायचा का?

सेवानिवृत्त उपसा

नमस्कार. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, मुक्काम सांगली. वरच्या भावाला एवढंच म्हणतो की कालव्याचं पाणी आणि बारव यांची तुलना नको. बारव ही गावाखालच्या खडकातलं पाणी साठवण्याची आणि मोजण्याची जागा आहे, ती कशानेही रद्द होत नाही.

खटावकर, पोकलेनबद्दल विचारलंत म्हणून आधी तेच. यंत्र काठावर उभं राहणार. साधारण वीस टन वजन, वर धक्के. तुमची भिंत आतल्या बाजूने मोकळी आहे, मागून मातीने दाबलेली आहे. काठावर वीस टन ठेवलं की तो दाब भिंतीच्या पाठीवरच जातो. बकेट एकदा दगडाला लागली की सांधणीतला एक दगड निघतो, आणि त्याच्या वरचे तुम्हाला विचारत बसत नाहीत.

पण खरा धोका पोकलेनआधी आहे. अंदाजपत्रकातली पहिली ओळ पुन्हा वाचा, ‘पाणी उपसणे’. शेकडो वर्षं ही भिंत आतून पाण्याने आणि बाहेरून ओल्या मातीने तोललेली आहे. तुम्ही मोठे पंप लावून एका रात्रीत आतलं पाणी संपवलंत, तर बाहेरच्या मातीतलं पाणी त्याच वेगाने निघत नाही. वीस फूट पाण्याचा दाब म्हणजे तळाशी दर चौरस मीटरला सुमारे सहा टन. आतून आधार गेला, मागून सहा टन तसाच. जुन्या विहिरींच्या भिंती गाळ काढताना पोटात येतात त्या बहुतेक याच कारणाने, आणि मग लोक म्हणतात बांधकाम जुनं होतं.

म्हणून दिवसाला दोन-तीन फुटांपेक्षा जास्त पाणी उतरवू नका. रोज संध्याकाळी थांबा, रात्रभर भिंतीतून पाझरू द्या, सकाळी भिंतीच्या मध्यावर ओळंबा लावून फुगवटा आलाय का बघा. तुमची ती दोन बोटांची फट याच कामाची आहे. झराही तिथून येतो आणि भिंतीमागचा दाबही तिथून सुटतो. आपल्या भागात वर मुरूम, खाली भेगाळ दगड, त्याखाली कठीण काळा कातळ असतो. पाणी मुरमात आणि भेगाळ थरात फिरतं. चौदाव्या पायरीला बहुधा मुरूम संपून दगड सुरू होतो. बांधणाऱ्याला ते खोदतानाच कळलं असणार.

एक काम मात्र कराच. गाळ निघाल्यावर पाणी उपसून रात्री पातळी मोजा, सकाळी मोजा. तुमच्या बारवेत एक फूट पाणी म्हणजे ४०० घनफूट, सुमारे ११,३०० लिटर. जलजीवनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने दोनशे माणसांचं एका दिवसाचं पाणी. रात्रीत किती चढतं ते कळलं की गावात बोलायला तुमच्याकडे आकडा असेल. ग्रामसभेत प्रेमापेक्षा आकड्याला जास्त ऐकतात, हा माझा तीस वर्षांचा अनुभव.

पाथरवटाचा नातू

दादा, आमचं घराणं तासगावकडचं, आज्ज्यापर्यंत सगळे दगडाचं काम करायचे. मी आता टाइल्स बसवतो, पण आज्ज्याबरोबर दोन विहिरी दुरुस्त केल्यात.

सिमेंट लावू देऊ नका. सिमेंट कडक असतं आणि ते पाणी अडवतं. दगडी भिंतीतनं पाणी सारखं ये-जा करतं. तुम्ही तोंडावर गिलावा मारला की पाणी त्याच्यामागं साठतं, क्षार धरतं, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात आणि सुटताना दगडाचं कातडं घेऊन जातात. वर झरे बुजतात ते वेगळंच. नंतर लोक म्हणतात बारवेचं पाणी आटलं.

आज्जा म्हणायचा, विहिरीचं बांधकाम दोन जातीचं असतं. पाण्याच्या वरचं चुन्यात आणि पाण्याखालचं कोरडं. कोरडं म्हणजे नुसता घडीव दगडावर दगड, मागं चिप्पा आणि खडी भरलेली. तिथं चुनाच नव्हता तर सिमेंट कशाला? वरच्या सांध्यांत मात्र चुना निघून गेला असेल तर भरा. कळीचा चुना निदान तीन आठवडे भिजवून, एक भाग चुना, दोन भाग धुतलेली वाळू आणि एक भाग सुरखी, म्हणजे भाजक्या विटेचा चुरा. सुरखी घातली तरच चुना ओल्यात धरतो. गूळ, बेलफळ, हिरडा याबद्दल लोक फार रंगवून सांगतात. थोडं घालायचे हे खरं, पण मुख्य काम चुन्याच्या घाणीवर मळण्याचं आणि सांधा भरल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट टाकून ठेवण्याचं. उन्हाळ्यात भरलेला सांधा वाळला की भुगा होतो.

आणि पिंपळ उगवलाय का? तुम्ही लिहिलं नाही पण उगवलेला असणारच. उपटू नका. मुळीनं दगड फोडलेला असतो तसा धरूनबी ठेवलेला असतो. खोड भिंतीलगत कापा, फुटवा आला की परत कापा, वर्ष दोन वर्षं. ॲसिड, तणनाशक अजिबात नको, ते पाण्यात उतरतं.

मोटारवाला खटावकर

साहेब, पाथरवट भाऊ, तुमचं लिहिलेलं कागदावर काढून सरपंचांकडं गेलो. पिंपळ आहे, हो. पश्चिमेच्या कोपऱ्यात दोन.

सरपंच माणूस वाईट नाही. त्याचं म्हणणं, निधी मार्चाला परत जातो, काम दिसलं पाहिजे. ‘काम दिसलं पाहिजे’ हे त्यानं तीनदा म्हटलं. मी म्हटलं पेव्हिंग ब्लॉक टाका की, ते दिसतात, फक्त आत हात लावू नका. त्यावर तो हसला आणि गिलावा तूर्तास काढायला तयार झाला. पोकलेनचं मात्र अजून अडलंय. ठेकेदार म्हणतो मजुरांनी गाळ काढायचा तर महिना जाईल.

गावातली पोरं म्हणाली आम्ही काढतो, आणि एकानं सुचवलं की डिझेल इंजिन खालच्या कट्ट्यावर उतरवू, म्हणजे पाणी पटापट निघेल. मी तिथंच खेकसलो. सात-आठ वर्षांमागं शेजारच्या गावात एका विहिरीत असंच इंजिन खाली उतरवलेलं मी बघितलंय. मोटार बसवायला मलाच बोलावलं होतं. मी पोचलो तेव्हा दोघं खाली लुळे पडलेले आणि तिसरा त्यांना काढायला उतरायच्या बेतात. त्याचं धोतर धरून मागं ओढला. इंजिन बंद केलं, वरनं पंख्यानं हवा सोडली, दोर बांधून काढले. वाचले, पण एकजण अजून नीट बोलत नाही. इंजिनाचा धूर विहिरीत कोंडून राहतो, त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. कंदील सोडून बघतात लोक, पण कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे एवढंच कळतं. जळत राहिला म्हणजे विषारी वायू नाही असं होत नाही. तेव्हा वरनं विजेचा पंप, माणूस पाण्यात असताना पंप बंद, ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारं बटण) लावलेला, आणि एक माणूस कायम वर. माझ्या धंद्यातलं एवढं तरी मला सांगता येतं.

शेरीवरनं

मी लिंबचा. सातारच्या अलीकडं हायवेवरनं आत वळलं की आमचं गाव. बारामोटेची विहीर बघायला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. जमलं तर तुमच्या सरपंचाला एकदा घेऊन या.

शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी ती बांधवली, आसपासच्या आमराईला पाणी मिळावं म्हणून. तेव्हा साताऱ्यात शाहू महाराज होते. तोंड अष्टकोनी, व्यास सुमारे पन्नास फूट, खोली एकशे दहा फूट, आणि मधल्या भागात चक्क महाल, त्यावर कोरीव खांब. लोक महालाचे फोटो काढतात आणि निघून जातात. मी पाहुण्यांना आधी मोटवण, म्हणजे मोट चालवायची जागा, दाखवतो. बैल धावेच्या उतारावरनं उतरायचे, नाडा म्हणजे जाड दोर ताणला जायचा, मोट वर यायची, सोंदूर म्हणजे मोटेच्या सोंडेचा बारीक दोर ओढला की थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत, पाणी पडायचं, तिथनं दगडी पाटानं बागेत. मोठ्या मोटेत दीड-दोनशे लिटर पाणी मावतं. अशा बारा मोटा एकाच वेळी चालायच्या म्हणून तिचं नाव पडलं. दगड सुंदर आहेत ते खरं, पण सगळी रचना बैलाच्या पावलावर बेतलेली आहे.

तुमच्या बारवेला मोटवण आहे का? असेल तर ती आमच्यासारखी शेतीलाही होती. नसेल तर नुसती प्यायच्या पाण्याची.

मोडीवाचक, कऱ्हाड

खटावकर, शिळेचं काम सोपं आहे, तुम्हाला संवत्सर मिळालंय ना. संवत्सर म्हणजे साठ नावांच्या फेऱ्यातलं वर्षाचं नाव, अंक उडाला तरी ते साल सांगून जातं.

शकात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. प्रभव पहिला. पडताळा घ्या, शिवराज्याभिषेक शके १५९६, आनंदनाम संवत्सर. १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, साठनं भागून बाकी ४८. आनंद अठ्ठेचाळिसावा. बरोबर. आता तुमचा दुर्मुख हा तिसावा. १६०० ते १६९९ मध्ये बाकी ३० येणारे शक दोनच, १६३८ आणि १६९८. दोन्हींचा शेवटचा अंक ८, म्हणजे तुमच्या वाचनाशी जुळतं. मधला अंक ३ असेल तर इसवी सन १७१६, ९ असेल तर १७७६. साठ वर्षांचा फरक, पण इतिहासात केवढा! पहिलं खरं असेल तर शाहू महाराजांचा आणि बाळाजी विश्वनाथांचा काळ, लिंबच्या विहिरीच्याही आधी. दुसरं खरं असेल तर सवाई माधवराव पाळण्यातून नुकते उतरलेले आणि कारभार नाना फडणीसांकडे.

शिळेवर खडू, हळद, पीठ, तेल काही फासू नका. अक्षर उठून दिसतं पण छिद्रांत बसतं ते कायमचं. रात्री जा, शिळा साध्या पाण्यानं पुसा आणि बॅटरी अगदी कडेनं, दगडाला घासून धरा. उडालेल्या अंकाच्या जागी तळाशी सावलीत काय उरलंय ते बघा. आणि तो ऑइल पेंट कमानीला लागता कामा नये.

वेळ मिळाला तर आमच्याकडची नकट्या रावळाची विहीर बघून जा, कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळच्या जुन्या कोटात. पायऱ्या उतरताना टप्पे कसे सोडलेत ते तुमच्या उपयोगी पडेल.

कायद्याचंही थोडं सांगतो. राज्य संरक्षित यादीत नाव नसेल तर १९६० चा स्मारकांचा कायदा आपोआप लागू होत नाही. तरीही ग्रामसभेचा ठराव आणि फोटो जोडून पुरातत्त्व संचालनालयाच्या पुणे विभागाला पत्र द्या. निदान पाहणीला माणूस येतो आणि ठेकेदार जरा बिचकतो. गाळात जुनी नाणी-भांडी निघाली तर लपवू नका, १८७८ चा निखात निधी कायदा आजही आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

वस्तीवरची

दादा, तुमच्या आईची तिसरी खाच वाचली आणि दोन दिवस डोक्यात राहिली. मी माण तालुक्यातली, बौद्धवस्तीतली. आमच्या गावातही अशीच बारव आहे. आमची आजी सांगायची, आमच्या बायका पायऱ्यांच्या वर, उंबराखाली घागरी घेऊन बसायच्या. कुणी दया आली तर वरनं ओतायचं. कधी दुपार व्हायची. नाहीतर जनावरांच्या डोणीतलं.

भांडायला नाही लिहीत. तुम्ही २३ खाचा मोजल्या, छान केलं. त्यातली एकतरी आमच्या लोकांची आहे का, हे आईंना विचाराल का? १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव झाला, १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी घेतलं, आणि आपल्याकडच्या किती बारवा त्यानंतर किती वर्षं बंदच राहिल्या. जोतिबांचं मूळ गाव कटगुण, तुमच्याच तालुक्यातलं. त्यांनी १८६८ साली पुण्यात स्वतःच्या घरचा हौद सगळ्यांना खुला केला होता. तुम्ही बारवेवर माहितीचा फलक लावाल तेव्हा राण्या-सरदारांची नावं येतीलच. उंबराखाली बसणाऱ्यांचंही लिहा.

मोटारवाला खटावकर

ताई, विचारलं. लगेच विचारायचं धाडस झालं नाही, संध्याकाळी जेवताना विचारलं. आई बराच वेळ भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, “त्यांची खाच नव्हती. त्यांचं पाणी आमच्याच खाचेतनं वर यायचं.” परत थोड्या वेळानं म्हणाली, “मीबी वतायची. सासू नसली की.” पुढं काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. फलक झाला तर हे लिहायचं, एवढं मी ठरवलंय. कसं लिहायचं ते तुम्हीच सांगा, मला मोटारीच्या वॉरंटीपलीकडं लिहायची सवय नाही.

शेरीवरच्या भावाला: मोटवण आहे, पण एकच, पश्चिमेला. दोन लांब दगड बाहेर काढलेत, थारोळं फुटलंय. तिथनं पाट आधी डोणीत येतो, डोणीतनं सांडलेलं पुढं धुण्याच्या दगडांवर आणि मग खालच्या मळ्यात. म्हणजे जनावर काठावर यायचंच नाही, त्याचं पाणी त्याच्याकडं जायचं, आणि साबण-शेण परत बारवेत यायला वाटच नव्हती. माझ्या दुकानामागचं गटार कुठं जातं हे मला नीट सांगता येणार नाही, आणि यांनी ही व्यवस्था दगडात करून ठेवली.

टेंभूच्या पाण्यावर

बायकांनी दोर ओढायचा का म्हणलं होतं मी. ते जरा बोचलं असंल तर सोडून द्या. आमच्या गावच्या विहिरीला जाळी मारलीय, तिच्यावर आता पोरं मोबाईल घेऊन बसतात. खाली काय आहे ते मीबी बघितलं नाही कधी. मोजून सांगा राव, किती चढतंय पाणी.

मोटारवाला खटावकर

महिनाभरानं लिहितोय. काम झालं असं म्हणत नाही, पण मार्गाला लागलंय.

पोकलेन टळलं. ठेकेदाराला विहिरी खोदणाऱ्यांची यारी लावायला सांगितली, काठापासून दहा फूट मागं, पायाखाली फळ्या टाकून. वर डबा, खाली चार माणसं. साहेबांनी सांगितल्याप्रमाणं दिवसाला दोन फूट पाणी उतरवलं, जास्त नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी रात्री गुपचूप दुसरा पंप लावला होता, लवकर उरकावं म्हणून. सकाळी उत्तरेच्या भिंतीतनं चिखल यायला लागलेला. दोन दिवस सगळं बंद ठेवलं, मग स्वच्छ पाणी आलं. पंप कुणी लावला ते मला माहिती आहे. त्याची मोटार माझ्याच दुकानात येते.

सहा फुटांच्या वर गाळ निघाला. पायऱ्या एकूण ४१. गाळात काय मिळालं? मोटेचं गंजलेलं लोखंडी कडं, लाकडी चाकाचा अर्धा भाग, फुटक्या घागरी पोतंभर, प्लास्टिकच्या पिशव्या ट्रॉलीभर, आणि माझ्या लहानपणी हरवलेली पितळी कळशी, जिच्यासाठी मी मार खाल्ला होता. चेपलेली आहे, पण आईनं तळाच्या डागावरनं ओळखली. जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्यासारखं काही नाही, कळशी सोडून.

शिळा. रात्री बॅटरी घासून धरली. उडालेल्या अंकाच्या जागी खाली एक शेपूट उरलंय, ते उजवीकडं झुकून सरळ खाली उतरतं. शेजारच्या मास्तरांचं म्हणणं ९. फोटो मोडीवाचक साहेबांना पाठवलाय, त्यांचं उत्तर येईतो मी गावात कुणाला काही सांगितलेलं नाही, कारण आमच्याकडं एकदा आकडा सुटला की तो भिंतीवर रंगवून होतो.

पाणी. गाळ निघाल्यावर तळापर्यंत उपसून संध्याकाळी सात वाजता टेप सोडला, सकाळी सात वाजता परत. आठ इंच. चारशे घनफुटाचे दोन तृतीयांश, म्हणजे साडेसात हजार लिटर. साहेबांच्या हिशोबानं १३७ माणसं. गाव अडीच हजाराचं, त्यामुळं बारवेवर गाव जगत नाही, हे मी स्वतःच सरपंचाला सांगितलं. पण हे वैशाखाच्या शेवटचं पाणी आहे, याच आठवड्यात गावातल्या तीन बोअर हवा ओकतायत. एक हौद बांधून ते पाणी जनावरांना आणि शाळेच्या बागेला द्यायचं ठरलंय. प्यायला नाही, तपासणीचा अहवाल आल्याशिवाय नाही. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायला आलेल्या पोराला परत पाठवला, आधी मासे सोडायचेत गप्पी.

आता अडलंय ते चुन्यावर. वरचे सात थर सांधे भरायचे आहेत आणि दुकानात मिळतो तो पुडीतला चुना पाथरवट भाऊ म्हणतात चालणार नाही. कऱ्हाड, विटा, सांगली या पट्ट्यात भट्टीचा कळीचा चुना अजून कुठं मिळतो का? पाच-सहा पोती लागतील. आणायला माझा टेम्पो आहे.